गाडीतली ओल: पुण्यात कोणाकडे न्यावी आणि पैसे कशाचे द्यावेत

‘इंटेरियर ड्राय क्लीनिंग’ या नावात ड्राय काहीच नसतं. शाम्पूचं पाणी फवारायचं, ब्रशने घासायचं, व्हॅक्यूमने ओढायचं आणि दारं उघडी टाकून तासभर गाडी उभी करायची, एवढाच तो प्रकार. सांडलेल्या चहाला, धुळीला, कुत्र्याच्या केसांना उत्तम. पण पावसाळा लागला की हेच पॅकेज कुबट वासावरचा इलाज म्हणून विकलं जातं आणि तिथे ते साफ फसतं. कार्पेटखालचा नमदा आधीच भिजलेला, त्यात आणखी पाणी, वरून लव्हेंडरचा फवारा. आठ दिवसांत वास परत हजर, फक्त आता लव्हेंडरसकट.

गाडीत ओल दिसली की पुण्यात माणूस साधारण सहा दारं वाजवतो: कंपनीचं सर्व्हिस सेंटर, डिटेलिंगवाला, काचेचा फिटर, एसीवाला, डेंटर-पेंटर आणि नाना पेठेतलं स्पेअर-ॲक्सेसरीचं दुकान. प्रत्येक जण आपल्या हातातल्या हत्याराचं काम सुचवतो. काचवाला सिलिकॉन, एसीवाला गॅस, डिटेलिंगवाला शाम्पू. पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधून देणं हे काम मात्र सहसा दरपत्रकावर नसतं. ते वेगळं मागावं लागतं, आणि काय मागायचं हे माहीत असेल तरच पदरात पडतं. म्हणून इथे आधी शोध कसा घ्यायचा ते सांगतो, या सहा जणांना गुण शेवटी.

आधी पाणी कोणतं ते ठरवा

यासाठी लागतो पांढरा टिश्यू पेपर. मॅट उचला, टिश्यूची चौपदरी घडी ओल्या कार्पेटवर ठेवा आणि तळहाताने अर्धा मिनिट दाबा. टिश्यू नुसता ओला, रंग नाही, वास नाही, तर पाणी पावसाचं किंवा एसीचं. मातकट डाग पडला तर पाणी वायपरखालच्या खोबणीतून किंवा चाकाच्या बाजूने, कचरा घेऊन आलंय. बोटांना बुळबुळीत, किंचित चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. हीटरच्या छोट्या रेडिएटरला गळती आहे, आणि सिलंटची ट्यूब कितीही महागाची आणलीत तरी ती इथे उपयोगाची नाही. खात्री करायची तर गार इंजिनवर कूलंटच्या बाटलीवर पातळीची खूण करा आणि आठवड्याने बघा. कूलंट सहजी वाळत नाही, त्यामुळे उन्हात दोन दिवस उभी करूनही कार्पेट ओलसरच राहिलं तर शंका पक्की धरा. साबणाचा वास आला तर काच धुण्याच्या पाण्याची नळी निसटली आहे. मागच्या काचेलाही वॉशर असलेल्या गाड्यांत ही नळी पुढून मागपर्यंत आतल्या पॅनलांमागून जाते, आणि तिचा एखादा जोड सुटला की डिकीत किंवा छताच्या अस्तरात पाणी येतं.

दुसरा प्रश्न: ओल कधी येते? पावसात उभ्या गाडीत आली तर छत, काच, काउल (वायपरखालची खोबण), दार, मागचे दिवे. पाण्यातून चालवल्यावरच आली तर खालून, म्हणजे फरशीच्या पत्र्यातले रबरी बूच किंवा चाकाच्या कमानीतला उघडा पडलेला जोड. एप्रिल-मे महिन्यात, आभाळात ढग नसताना आली तर एसी. फक्त धुतल्यावर आली तर आधी धुणाऱ्याच्या प्रेशर वॉशरवर संशय घ्या, गाडीवर नंतर. घरगुती वापराचा प्रेशर वॉशरसुद्धा शंभर बारच्या आसपास दाबाने पाणी फेकतो. असा पाऊस ताम्हिणीतसुद्धा पडत नाही.

काचेवरच्या धुक्याला गळती समजून गॅरेज गाठणारेही आहेत. वायपर फिरवल्यावर धुकं पुसलं गेलं तर ते बाहेरून आहे: एसीने काच गार झाली, बाहेरच्या दमट हवेने तिच्यावर दव धरलं. एसीचा झोत काचेवरून काढा, तापमान दोन अंश वाढवा, झालं. धुकं आतून असेल आणि हवा ‘आतल्या आत’ फिरवण्याच्या बटणावर असेल, तर आधी ती बाहेरून घ्या. चार माणसांचा श्वास आणि ओल्या छत्र्या एवढं कारणही पुरतं. रात्रभर बंद असलेल्या गाडीची काच सकाळी आतून धुकट दिसली आणि गाडीत कोणी ओलं बसलेलं नव्हतं, तर मात्र नमद्यात पाणी आहे.

डावीकडच्या पायाशी ओल: एसी की काउल

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या, आणि सगळ्यात जास्त चुकीचे इलाजही इथलेच. आपल्याकडे उजव्या हाताचं स्टिअरिंग असल्याने ब्लोअर आणि कूलिंग कॉइल बहुतेक गाड्यांत डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. त्यामुळे एसीचं पाणी तुंबलं तरी डावीकडेच सांडतं आणि काउलमधलं पावसाचं पाणी ब्लोअरच्या तोंडातून शिरलं तरी डावीकडेच.

दोन्हींतला फरक केबिन फिल्टर सांगतो. ग्लोव्ह बॉक्स मोकळा करा, त्यामागचं फिल्टरचं झाकण काढा. हवा आधी फिल्टरमधून आणि मग कूलिंग कॉइलवर जाते, अशीच रचना बहुतेक गाड्यांत असते. फिल्टर ओला असेल, कडेला तपकिरी रेघ उमटली असेल, घड्यांत बारीक पानांचा चुरा अडकला असेल, तर पाणी वरून, काउलमधून. फिल्टर खडखडीत कोरडा आणि कार्पेट ओलं, तर एसीची ड्रेन नळी. पाच मिनिटांचं हे काम, पण ते न करताच गॅस भरला जातो.

एसीच्या नळीची तपासणी अशी: गाडी सपाटीवर उभी करून इंजिन चालू, एसी पूर्ण, ब्लोअर मधल्या वेगावर. दमट हवेत दहा-पंधरा मिनिटांत गाडीखाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रेषेत, ठिबक सुरू झाली पाहिजे. पावसाळी दमट दिवसात लिटरभर पाणी एका तासात निघू शकतं; ते बाहेर पडत नसेल तर आत साठतंय. वळणावर डॅशबोर्डमधून खळखळ ऐकू येणं किंवा वळताना शेजारी बसलेल्याच्या पायावर अचानक धार पडणं ही तुंबलेल्या नळीची हमखास लक्षणं. नळी खालून मोकळी करायची. ओलं पाणी ओढणारा व्हॅक्यूम नळीच्या तोंडाला लावून चिंधीने हवाबंद करा आणि ओढा. बुळबुळीत गाळाचा गोळा निघतो. नाहीतर गवत कापण्याच्या यंत्राची अडीच-तीन मि.मी. जाडीची नायलॉन दोरी टोक गोल करून हलकेच सरकवा. कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबाची हवा मारू देऊ नका. आतला रबरी जोड निसटतो, आणि मग नळी स्वच्छ होऊनही पाणी आतच पडत राहतं. गॅस कमी असल्याने किंवा कॉइलचा तापमान सेन्सर बिघडल्याने कॉइलवर बर्फ धरला, तर तो वितळताना एकदम पाणी येतं, हे खरं. पण त्यात आधी हवेचा झोत मंद होतो. झोत उत्तम असेल तर पाण्याच्या तक्रारीवर गॅस भरून घेऊ नका.

काउल म्हणजे वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीखालची खोबण. पुढच्या काचेवरचं सगळं पाणी इथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे पडतं. पुण्यातली झाडं इथे गुन्हेगार. कोरेगाव पार्कातल्या वडाचं पान जाळीवर अडतं, हाताने उचलून टाकता येतं. गुलमोहर, पीतमोहर यांच्या पर्णिका बारीक. त्या जाळीतून सरळ आत जातात, कुजतात आणि दोन पावसाळ्यांत भोकाशी काळ्या खतासारखा थर बसतो. मग पाणी खोबणीत चढतं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत.

साफ करायचं तर वायपरचे हात काढावे लागतात. टोपीखाली एक नट असतो, आणि हात काढण्याआधी काचेवर मास्किंग टेपने त्याची जागा खुणावून ठेवावी. मग जाळीच्या क्लिपा. जुन्या गाडीत त्यातल्या तीन-चार तुटणारच, आधीच नाना पेठेतून आणून ठेवा. कचरा हाताने किंवा व्हॅक्यूमने काढा, पाण्याने आत ढकलू नका. शेवटी एसी बंद ठेवून लिटरभर पाणी डाव्या टोकाला सावकाश ओता आणि चाकामागे धार पडते का ते पाहा. ओतलेलं पाणी थबकून हळूहळू उतरलं तर भोक अजून अर्धं बंद आहे. इंजिनचा कंप्युटर किंवा फ्यूजचा डबा काही गाड्यांत इथेच शेजारी असतो, म्हणून बादली उपडी करू नये.

दार, सनरूफ आणि पाडलेली भोकं

दाराच्या पत्र्याच्या आत पाणी जाणं ही खराबी नाही. काचेच्या बाहेरच्या रबरातून ते जातंच आणि दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर पडतं. त्याला केबिनपासून अडवतो तो डोअर पॅडच्या मागचा प्लास्टिकचा पडदा, काळ्या चिकट ब्यूटाइलने चिकटवलेला. पॉवर विंडोची मोटर बदलताना किंवा मोठे स्पीकर बसवताना तो ब्लेडने फाडला जातो आणि परत लावायचा राहून जातो. मग पावसात दाराच्या पॅडचा खालचा कडा ओला होतो, उंबऱ्यावरून पाणी कार्पेटखाली जातं, आणि मालक दाराचं रबर बीडिंग बदलून मोकळा होतो. बीडिंग निर्दोष असतं बिचारं.

तपासायचं तर वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी बीडिंगवर ठेवून दार लावा आणि ओढा. दार फिरून सगळीकडे सारखी घट्ट लागली तर बीडिंग ठीक. एका कोपऱ्यात अलगद सुटली तर तिथे बीडिंग दबलंय किंवा दार बिजागरीवर उतरलंय. पट्टी सगळीकडे घट्ट आणि तरी उंबरा ओला, तर पडदा. नवा पडदा जाड पॉलिथिनचा कापता येतो. ब्यूटाइलची सहा ते आठ मि.मी.ची सलग दोरी जुन्याच मार्गावर लावायची, जोड वरच्या बाजूला घ्यायचा, आणि पडद्याचा खालचा कडा दाराच्या पत्र्याच्या आत वळेल असा ठेवायचा. बाहेर लोंबता ठेवला तर त्यावरून पाणी नेमकं केबिनमध्ये उतरतं. ज्या-त्या ठिकाणी सिलिकॉनचे ठिपके देऊन पडदा लावणाऱ्याकडून काम काढून घ्या. दाराच्या तळची भोकं काडीने मोकळी करायला विसरू नका. रंग मारताना किंवा गंजविरोधी थर देताना ती बुजतात, आणि दार हलवलं की आत पाणी डचमळतं.

सनरूफबद्दल थोडक्यात. त्याचं रबर सगळं पाणी अडवेल अशी अपेक्षाच नसते. खाली तबक असतं आणि कोपऱ्यांतून नळ्या खांबांतून उतरतात. छत उघडून पुढच्या कोपऱ्यात पाव लिटर पाणी बारीक धारेने सोडा. खाली बाहेर आलं तर ठीक. तबकातच थांबलं किंवा खांबाच्या आत टपटप ऐकू आली तर नळी तुंबली किंवा सुटली. इथेही नायलॉनची दोरीच, हवेचा दाब नको. ओल पुढच्या खांबाच्या अस्तरावर किंवा छताच्या कोपऱ्यात डाग रूपाने आधी दिसते.

आता आपल्याकडची खास देणगी: नंतर पाडलेली भोकं. मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, ॲम्प्लिफायर यांच्या वायरी बॉनेटमधून आत घेण्यासाठी फायरवॉलचा ग्रोमेट, म्हणजे वायरींच्या भोकातली रबरी कडी, चिरतात. पाणी वायरीवरून चालत येतं आणि डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सपाशी ठिबकतं. इलाज सोपा: प्रत्येक वायरीला भोकाआधी खाली झोका द्यायचा म्हणजे थेंब तिथेच गळतो, आणि चिरेत ब्यूटाइल भरायचं. पुण्यात सीएनजीच्या गाड्या भरपूर. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये टाकीच्या ब्रॅकेटसाठी आणि गॅस बाहेर सोडणाऱ्या नळ्यांसाठी डिकीच्या फरशीत भोकं असतात. तिथला वॉशर किंवा सिलंट गेला की स्टेपनीच्या खळग्यात तळं साचतं, आणि स्टेपनी काढायचा प्रसंग येत नाही तोवर कोणाला पत्ता नसतो. दर 3 वर्षांनी टाकीच्या हायड्रो टेस्टसाठी (पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी) ती उतरवावी लागते; त्या दिवशी फरशी बघून घ्या, गंज घासून प्रायमर आणि सीम सीलर (पत्र्याचे जोड बुजवणारा सिलंट) लावून घ्या. टाकीचे बोल्ट स्वतः सोडू नका. मागच्या दिव्यांचं फोम गास्केट हेही डिकीतल्या पाण्याचं नेहमीचं कारण. दिवा दोन-तीन नटांत निघतो.

पाण्याची चाचणी नीट कशी घ्यायची

ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही. पाणी वायरींच्या जुडग्यावरून, फरशीच्या नाळीतून, सीटखालच्या आडव्या पत्र्यापर्यंत वाहतं. म्हणून आधी उंबऱ्याच्या पट्ट्या, पायाजवळची पॅनलं आणि कार्पेटचा कडा मोकळा करावा लागतो. हे न करता घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच टाळलं जातं, कारण वेळ त्यातच जातो.

सीटखालच्या पिवळ्या वेष्टनाच्या वायरी एअरबॅगच्या. त्या सोडायच्या तर इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबूनच.

चाचणीचं पाणी कमी दाबाचं हवं. तीन मजल्यांवरच्या टाकीतून पाइपला येणारं पाणी साधारण एक बारचं, तेवढं पुष्कळ. त्याहून उत्तम म्हणजे बागेची झारी: पावसासारखी धार, पाण्याचा हिशोब हातात, आणि पाइपने गाडी धुण्यावर फलक लावलेल्या सोसायटीत कोणी खिडकीतून ओरडत नाही. सुरुवात खालून करायची. आधी फरशी आणि उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग काचेचा तळ, काचेच्या कडा, शेवटी छत. प्रत्येक टप्प्याला पाच ते दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठलं भोक दोषी ते कळतच नाही. दुसरा माणूस टॉर्च घेऊन आत बसलेला हवा. संशयाच्या जागी आतून खडू किंवा टाल्कम पावडर लावली तर पहिला ओघळ स्पष्ट रेघ काढतो. काहीच सापडलं नाही तर गाडी उतारावर, आधी नाक वर आणि मग नाक खाली अशी उभी करून पुन्हा. बावधन-वारज्याच्या चढावर पार्क होणारी गाडी सपाट गॅरेजमध्ये निर्दोष ठरते, ती यामुळेच.

उलटी चाचणीही आहे आणि ती काचेसाठी फार छान चालते. सगळ्या काचा बंद, हवा बाहेरून घेण्यावर, ब्लोअर पूर्ण. मागच्या बंपरच्या आत हवा बाहेर जाण्याच्या झडपा असतात, त्यांवर टेप. बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी फवारा. गळतीच्या जागी बुडबुडे येतात. डिटर्जंटऐवजी भांड्यांचं द्रावण, पाण्यात दहाला एक. आत चाळीस किलोहर्ट्झचा ध्वनी सोडून बाहेरून ऐकणारी अल्ट्रासॉनिक यंत्रंही असतात. असेल तर मागा, नसेल तर अडत नाही.

वस्तू: काय घ्यावं

ओलावा शोषणाऱ्या पिशव्या. हिशोब करून बघा. 25 अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरला साधारण 23 ग्रॅम पाणी असतं. छोट्या गाडीची केबिन तीन घनमीटर धरली तर सगळ्या हवेत मिळून 70 ग्रॅम. अर्धा किलो सिलिका जेल फार तर दीड-दोनशे ग्रॅम पाणी धरतं. आणि पुढच्या एका बाजूच्या नमद्यात दोन-तीन लिटर पाणी सहज मावतं. म्हणजे पिशवी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त शोषतात, पण त्यांचं खारट पाणी होतं. एका खड्ड्यात डबा लवंडला की ते खारं पाणी पत्र्यावर आणि कार्पेटमध्ये. ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि पत्रा खातं. गाडीत नकोच.

दोन पिनांचा ओलावा मीटर. घेण्यासारखा. आकडे लाकडासाठी आखलेले असतात, त्यामुळे टक्क्यांवर जाऊ नका. डावी-उजवी, पुढची-मागची बाजू यांची तुलना करा. पिना नमद्यापर्यंत टोचल्या पाहिजेत, कार्पेटच्या वरवर नाही.

सिलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन काचेच्या चौकटीला लावू देऊ नका. ते पत्र्याला गंज आणतं, आणि पुढे काच पीयूने (पॉलियुरेथेनच्या सिलंटने) बसवायची वेळ आली की सिलिकॉनच्या थरावर पीयू धरत नाही. काचेच्या बारीक फटीला वाहतं सिलिकॉन म्हणून पातळ प्रकार येतो, तो फटीत उतरतो. तात्पुरता उपाय म्हणून बरा. पत्र्याच्या जोडाला पीयू सीम सीलर, प्लास्टिक-रबराला ब्यूटाइल. एम-सील कडक होतं, हलणाऱ्या जोडावर तडकतं.

ब्यूटाइल, पॉलिथिन, नायलॉन दोरी असलं किरकोळ बोहरी आळीत एका फेरीत जमतं. टॉर्च आणि मीटरसाठी तपकीर गल्लीकडे बघा.

कोणाला किती गुण

कंपनीचं सर्व्हिस सेंटर: 5 पैकी 3. मूळ ग्रोमेट, पडदा, क्लिपा यांचा क्रमांक त्यांच्याकडे असतो, आणि वॉरंटीतली गाडी दुसरीकडे नेऊच नका. कमतरता जॉब कार्डात. ‘वॉटर लीकेज’ एवढं लिहिलं तर गाडी वॉशिंगला जाते, प्रेशर मारला जातो आणि ‘ओके’ म्हणून परत येते. स्वतः सांगून लिहून घ्या: ‘डावीकडे पुढे कार्पेटखाली पाणी, पावसात उभ्या गाडीत, एसी बंद असताना. कार्पेट उचलून कमी दाबाने वॉटर टेस्ट, गळतीच्या जागेचा फोटो.’ नवीन कार्पेटचं एस्टिमेट कारण सापडल्याआधी आलं तर सही करू नका.

डेंटर-पेंटर: 4. ठोकलेल्या आणि जोडलेल्या गाडीतली गळती त्यालाच कळते. मागून ठोकर बसलेल्या गाडीत सीम सीलर कुठे राहिलाय ते तो बोटाने चाचपून सांगतो. फक्त सीलर लावण्याआधी गंज घासून प्रायमर लावतो का ते समोर उभं राहून बघा.

काचेचा फिटर: काचेपुरते 4. काच बदलल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत सुरू झालेली गळती बहुधा कापताना पत्र्यावर पडलेल्या ओरखड्यातून येते. प्रायमर न लावता पीयू मारला की खाली गंज पसरतो आणि चिकटपणा सुटतो. ‘ओरखड्यांना प्रायमर लावणार ना?’ हा एक प्रश्न विचारा. उत्तर टाळलं गेलं तर पुढचं दुकान. पीयू हवेतल्या ओलाव्यानेच पक्का होतो, त्यामुळे पावसाळ्यात काच बसवायला हरकत नाही, पण ओल्या पत्र्यावर नाही. त्यानंतर निदान 24 तास प्रेशर वॉशिंग बंद.

एसीवाला: नळी साफ करायला 4, निदानाला 2.

डिटेलिंग: शोधायला 1, वाळवायला 4, पण एका अटीवर: सीट काढून, कार्पेट उचलून, नमदा वेगळा वाळवला तर. वरून कार्पेट हाताला कोरडं लागतं आणि खाली नमदा पिळला की पेलाभर पाणी निघतं. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून पंखा आणि डिह्युमिडिफायर लावून एक ते दोन दिवस द्यावेच लागतात. संध्याकाळी देतो म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. आणि वाळवणं हे दुरुस्तीनंतर, पुन्हा एकदा झारी मारून खात्री झाल्यावर. शोधण्याचं लेबर तासावर, वाळवण्याचं वेगळं, असं ठरवून घेतलं तर घाई होत नाही.

नाना पेठ: मालाला 4, रस्त्यावर उभ्या उभ्या फिटिंगला 1. बीडिंग मीटरवर मिळतं, पण आतला पोकळ गोल आणि पकडीची जाडी जुन्या तुकड्याशी जुळवूनच घ्या. जाड बीडिंगने दार लागेनासं होतं आणि मग बाहेरच्या वाऱ्याचा आवाजही वाढतो.

टेम्पो आणि पिकअप

मार्केट यार्डाच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत कारण बहुधा तीनपैकी एक. रबरात बसवलेली पुढची काच असेल तर रबर आणि पत्र्याच्या मधली फट. तिथे न सुकणारं बेडिंग कंपाउंड भरतात, सिलिकॉन नाही. केबिनच्या छतावर कॅरियर किंवा दिवे असतील तर त्यांच्या बोल्टखालचे वॉशर. आणि गिअर लिव्हरचा, पेडलचा रबरी बूट: तो फाटला की पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी ड्रायव्हरच्या टाचेखाली येतं, केबिन वरून कितीही धुवा, सापडत नाही. क्लीनर साइडला लाकडी फळी किंवा गोणपाट टाकून वर्षानुवर्षं झाकलेली फरशी उचलून बघितली की बरेचदा पत्राच उरलेला नसतो.

जुनी गाडी घेताना

सप्टेंबर 2019 मधला आंबिल ओढ्याचा पूर आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरलेलं मुठेचं पाणी, दोन्ही वेळी पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. सर्वसमावेशक विमा पुराचं नुकसान देतो, झिजलेल्या बीडिंगची गळती देत नाही. त्यामुळे विक्रेत्याकडे दाव्याचा इतिहास मागा. गळकी गाडी आणि बुडालेली गाडी यांत फरक करायला सीटच्या रुळांचे बोल्ट, मागच्या दिव्याच्या आतला तळ आणि स्टेपनीचा खळगा बघा. गळतीचा गंज एका कोपऱ्यात असतो, पुराचा गाळ सगळीकडे सारख्या उंचीवर. शेवटी चारही सीटबेल्ट सावकाश, पूर्ण संपेपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीतल्या आतल्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर किमतीवर बोलू नका, चावी परत द्या.